२२ हे उत्तर कुठून येते? कर्णबधिर मुलांच्या वर्गातल्या एका शाब्दिक उदाहरणाचे प्रकरण

अनिताकडे १७ मणी आहेत. तिच्याकडे सुनीलपेक्षा ५ मणी जास्त आहेत. सुनीलकडे किती मणी आहेत?

सहावीच्या वर्गातल्या आठ कर्णबधिर मुलांपुढे हे उदाहरण फळ्यावर आहे. एकाचे उत्तर १२ येते. पाच जण २२ लिहितात. एक जण १७ तसेच उतरवतो, एक जण ५. वर्ग आणि आकडे नमुन्यादाखल रचलेले आहेत. चुका मात्र अशा मुलांना गणित शिकवणाऱ्या कोणालाही पाहताक्षणी ओळखू येतील.

आठांपैकी तिघे सर्वस्वी खुणांच्या भाषेवर आहेत. दोघांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण) आहे. उरलेले तिघे श्रवणयंत्र लावतात आणि थोडे ऐकून, थोडे ओठ वाचून काम चालवतात. बाई बोलतात आणि खुणाही करतात. वजाबाकीची अडचण कोणालाच नाही. १७ − ५ मांडून दिले की आठही जण १२ लिहितात.

‘कर्णबधिर मुलांना चित्र काढून शिकवा’ हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो, आणि बाईंनीही पहिल्यांदा तेच केले. फळ्यावर मुलीचे चित्र, तिच्यापुढे १७ मणी, शेजारी मुलगा, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. मुलांनी १७ मणी मोजले, वहीत उतरवले, पुढे आणखी ५ काढले आणि २२ लिहिले. एकीने मण्यांची माळ करून तिला गोंडासुद्धा लावला. चित्र सुरेख होते आणि गणिताच्या दृष्टीने निरुपयोगी. त्यात मणी दिसत होते, तुलना कुठेच दिसत नव्हती.

हा फरक बारीक वाटला तरी सगळे प्रकरण त्याच्यावर उभे आहे. वस्तूंचे चित्र वेगळे आणि नात्याची आकृती वेगळी. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्णबधिर आणि ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनी गणिते सोडवताना काढलेल्या आकृत्या तपासल्या होत्या. नाते दाखवणारी आकृती काढणाऱ्यांची उत्तरे जास्त बरोबर आली, आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांचा कल वस्तूचे चित्र काढण्याकडे अधिक दिसला. याचा अर्थ त्यांची नजर कच्ची आहे असा मुळीच नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांवर २००४ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, जागेत मांडलेल्या वस्तूंची संख्या लक्षात ठेवून तशीच पुन्हा मांडण्यात कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. नजर आहे. कशाकडे बघायचे आणि काय काढायचे, हे कोणी शिकवलेले नसते.

आधी निदान

२२ पाहिले की ‘मुलांना तुलना कळत नाही’ असा शेरा मारण्याचा मोह होतो. तो खरा आहे की नाही, हे भाषा बाजूला काढून बघता येते.

एका दोऱ्यात १७ मणी ओवून टेबलावर सरळ ठेवा. त्याच्या खाली दुसरी माळ ठेवा, दोन्हींची डावी टोके एका रेषेत. दुसरी माळ कागदाने पूर्ण झाका. कागदाची उजवी कड दुसरी माळ जिथे संपते तिथेच आली पाहिजे, म्हणजे वरच्या माळेचे ५ मणी त्या कडेच्या पुढे उघडे दिसतात. वरच्या माळेवर ‘१७’ ही चिठ्ठी, कागदाकडे बोट, भुवया उंचावून ‘किती?’ एवढेच विचारायचे. मण्यांचा आकार सारखा हवा, नाहीतर कड आणि मणी जुळत नाहीत आणि मूल त्यातच अडकते. आठांपैकी सात जणांनी इथे १२ सांगितले. एकाने कागद उचलून मोजले, तेही शहाणपणाचेच आहे. म्हणजे तुलना कळते, वजाबाकी येते. घोटाळा या दोहोंच्या मधे, वाक्यापासून मांडणीपर्यंतच्या वाटेवर होतो.

आता त्या वाटेची तपासणी. हीच या प्रकरणातली सर्वांत उपयोगी पायरी आहे आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. उदाहरण तेच ठेवायचे, ‘१७’ आणि ‘५’ हे आकडे कागदाच्या तुकड्याने झाकायचे, आणि मुलाला एकेकटे बोलावून एकच प्रश्न विचारायचा: जास्त मणी कोणाकडे?

२२ लिहिणाऱ्या पाच जणांपैकी तिघांनी सुनीलकडे बोट दाखवले. दोघांनी अनिताकडे.

उत्तर एकच, २२. पण त्यामागचे आजार दोन. पहिल्या तिघांनी वाक्यच वेगळे वाचले. ‘सुनीलपेक्षा ५ मणी जास्त’ यातला ‘पेक्षा’ गळला की उरते ‘सुनील ५ मणी जास्त’. या वाक्याचे उत्तर खरोखर २२ आहे. या मुलांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी सोडवलेले गणित फळ्यावरचे नव्हते. दुसऱ्या दोघांनी वाक्य नीट वाचले, जास्त अनिताकडे आहेत हेही सांगितले, आणि तरीही बेरीज केली. त्यांच्या डोक्यात ‘जास्त’ दिसले की अधिक करायचे, हा नियम बसलेला आहे.

उरलेल्या तिघांपैकी १२ लिहिणाऱ्याची काळजी नको. ५ लिहिणारी मुलगी फरकालाच उत्तर समजते. तिचे पुढे येईल. १७ उतरवणाऱ्याने बहुधा उदाहरण वाचलेलेच नाही. मोठा आकडा उचलून लिहिणे ही त्याची सुटकेची वाट आहे. त्याला आणखी कागदी चाचण्या देऊन काही कळणार नाही, त्याच्यासाठी मण्यांपासूनच सुरुवात.

‘पेक्षा’ का गळतो

खुणांच्या भाषेवर असलेल्या मुलांसाठी छापील मराठी ही दुसरी भाषा असते. नाम, आकडा, ‘जास्त’ हे ठळक शब्द ती उचलतात. नामाला चिकटलेले शेपूट नजरेतून सुटते. बाई शब्दाला खूण या क्रमाने सांगत असतील तर हातांतूनही तेच होते: अनिता, १७, मणी, सुनील, ५, जास्त. कोणाची कोणाशी तुलना, हे त्या साखळीत कुठेच नाही.

इम्प्लांट किंवा यंत्र असलेल्या मुलांची वाट वेगळी, खड्डा तोच. ‘पेक्षा’ बोलताना आपण जोर नावावर देतो आणि ते शेपूट पटकन उरकतो. त्यातला ‘क्षा’चा घर्षणाचा आवाज उंच पट्टीतला, आणि बऱ्याच मुलांचे नेमके तेच आवाज कमजोर असतात. मूल बोलण्याला प्रतिसाद देते, मान डोलावते, म्हणून त्याला सगळे ऐकू आले असे बाई धरून चालतात. वर्गात सर्वांत दुर्लक्षित मूल बहुधा हेच असते. आकड्यांचेही तसेच. ‘एकोणचाळीस’मधले ‘चाळीस’ तेवढे पोचले की वहीत ४० येतात, ‘साठ’चे ‘आठ’ होतात. तोंडी सांगितलेला प्रत्येक आकडा लिहून दाखवायचा, अपवाद नाही.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. दहांतली नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरात जन्मतात. ‘त्याला जास्त दिलंस’, ‘मी तुझ्यापेक्षा उंच’ असली भांडणे ऐकणारे मूल शाळेत येण्याआधी हजारदा ऐकते. घरात पुरेशी खुणांची भाषा नसेल तर कर्णबधिर मुलाच्या वाट्याला हे काहीच येत नाही. तुलनेची अक्कल येते, तुलनेची वाक्ये येत नाहीत.

‘जास्त म्हणजे बेरीज’ हा दुसरा आजार मात्र शाळेने लावलेला असतो. भिंतीवर तक्ता असतो: जास्त, एकूण, मिळून यांच्यापुढे अधिकचे चिन्ह, कमी, उरले, फरक यांच्यापुढे उणे. भाषा अवघड जाते म्हणून दयेपोटी दिलेली ही कुबडी खालच्या इयत्तांत चालून जाते, कारण तिथली बहुतेक उदाहरणे शब्द आणि क्रिया जुळणारीच असतात. शब्द एकीकडे आणि क्रिया दुसरीकडे ओढते अशी उदाहरणे आली की कुबडी मोडते. हे फक्त कर्णबधिर मुलांचे होते असेही नाही. ल्युइस आणि मेयर या संशोधकांनी १९८७ मध्ये कॉलेजच्या ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांतसुद्धा अशा उलट शब्दांच्या उदाहरणांवर उलटी क्रिया करण्याची चूक दाखवली आहे. तो तक्ता भिंतीवरून काढणे हा या प्रकरणातला पहिला उपाय, आणि त्याला खर्च काहीच नाही.

पट्ट्या

उपाय सहा तासिकांत बसतो, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. साहित्य थोडे आहे: दोन रंगांच्या कार्डशीटच्या २ सेंमी रुंद पट्ट्या, लांबी ५ सेंमीपासून २५ सेंमीपर्यंत वेगवेगळी, नावांची कार्डे, फळ्यासाठी अशाच पट्ट्या ८ ते १० सेंमी रुंद, मागे चुंबक किंवा चिकटपट्टी लावलेल्या. फळ्यावरच्या पट्ट्या आधी कापून ठेवण्याचे कारण सोय एवढेच नाही. खडूने आकृती काढताना बाईंची पाठ मुलांकडे होते, आणि पाठ फिरली की या वर्गात शिकवणे थांबते.

पहिल्या तासिकेत एकही आकडा नाही. फळ्यावर एक जाड उभी रेघ. अनिताची पट्टी वर, सुनीलची खाली, दोन्हींची डावी टोके रेघेला टेकलेली. जास्त कोणाकडे? सारखे करायचे तर काय करावे लागेल? मुलांना स्वतःच्या बाकावर हे मांडायला दिले की लगेच एक चूक दिसते: चार जण दोन पट्ट्या एकापुढे एक जोडतात. बेरजेची सवय हातात मुरलेली असते. काही जण पट्ट्या मधोमध जुळवतात, मग दोन्हीकडे थोडे थोडे उरते आणि फरक कुठला हे सांगता येत नाही. बाकावरसुद्धा रेघ हवी. वहीच्या पानावर उभी रेघ मारून द्या. पट्टीचे टोक रेघेला टेकले नाही तर पुढे जायचे नाही, हा एकच कडक नियम ठेवा.

फरक कसा दाखवायचा याला महत्त्व आहे. आखूड पट्टीच्या पुढची मोकळी जागा तुटक रेघांच्या चौकटीने दाखवायची, आत रंग नाही. तिथे तिसऱ्या रंगाची पट्टी ठेवली तर मुले ती कोणाची तरी मालमत्ता समजतात. ५ लिहिणारी मुलगी तेच करत होती. तिच्या लेखी ते पाच मणी सुनीलचे होते. रिकामी चौकट सांगते की इथे काही नाही, इथे नसलेले मोजायचे आहे. हे तिला कळायला दोन तासिका लागतात, आणि घाई करून उपयोग होत नाही.

दुसऱ्या तासिकेत वाक्य आणि पट्ट्या यांची गाठ. वाक्य कागदाच्या लांब फितीवर मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘पेक्षा’खाली जाड रेघ, आणि नियम असा: ज्या नावाला ‘पेक्षा’ चिकटला आहे त्याची पट्टी आधी रेघेला लावायची. तो तुलनेचा आधार. मग दुसऱ्याची पट्टी घ्यायची आणि ‘जास्त’ वाचून लांब किंवा ‘कमी’ वाचून आखूड निवडायची. ‘सुनीलपेक्षा’ म्हणजे सुनील आधी. अनिता जास्त म्हणजे अनिताची लांब. हा नियम तक्त्यासारखा दिसला तरी त्याच्यात एक मोठा फरक आहे: तो कुठली क्रिया करायची हे सांगतच नाही. कोणती पट्टी कुठे जाते तेवढेच सांगतो. क्रिया पट्ट्या बघून ठरते. ‘उंच’, ‘जड’, ‘लांब’, ‘स्वस्त’ कशालाही तो तसाच लागू पडतो.

सुनीलकडे बोट दाखवणारी तिन्ही मुले इथेच सुधारतात. त्यांना कमतरता होती ती एका ‘पेक्षा’ची.

इथे खुणांबद्दल एक सूचना, कारण बऱ्याच वर्गांत नेमके इथेच बिघडते. खुणांच्या भाषेत माणसांना हवेत जागा देता येते: इथे अनिता, तिथे सुनील, आणि मग त्या जागांमधली तुलना हाताने दाखवता येते. तुलना शिकवायला याच्याइतके नेमके साधन नाही. पण मुलांकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईंचा उजवा हात मुलांना डावीकडे दिसतो. फळ्यावर एक मांडणी आणि हवेत तिची उलट मांडणी झाली की मूल दोनपैकी एक सोडून देते. उपाय साधा आहे: डावी-उजवी वापरायचीच नाही. फळ्यावर अनिता वर आणि सुनील खाली असेल तर हवेतही वर आणि खाली. वर-खाली कोणत्याही बाजूने बघितले तरी वर-खालीच राहते. याहून बरे म्हणजे फळ्याच्या कडेला उभे राहून थेट पट्टीला हात लावायचा आणि नाव म्हणून त्या पट्टीचाच वापर करायचा.

नजर एकाच जागी असते. ऐकणारे मूल फळ्याकडे बघत बाईंचे बोलणे ऐकते. कर्णबधिर मूल एकतर फळा बघते, नाहीतर हात आणि ओठ. म्हणून पट्टी हलवायची, हात खाली घेऊन तीन-चार सेकंद थांबायचे, मुलांच्या नजरा परत आपल्याकडे वळलेल्या दिसल्या की मगच खुणा करायच्या. हा थांबा बाईंना फार लांब वाटतो. दुभाषी असेल तर तो आणखी वाढवावा लागतो, कारण दुभाष्याचे हात बोलण्याच्या मागे असतात. ‘हे इथे ठेवलं’ हे मुलांपर्यंत पोचेपर्यंत बाईंचा हात दुसरीकडे गेलेला असतो. ‘हे’ आणि ‘इथे’ टाळून ‘अनिताची पट्टी’ म्हणणे दुभाष्यासाठीही सोपे. बाक घोड्याच्या नालेच्या आकारात, खिडकी बाईंच्या पाठीमागे नको. प्रोजेक्टर लावायचा तर खोली काळोखी करू नका, हात दिसले पाहिजेत. पट्ट्यांचे सरकते ॲनिमेशन आणि खाली मजकूर असा व्हिडिओ बरेच जण वापरतात; डोळे एकाच वेळी दोन्हीकडे जात नाहीत, म्हणून प्रत्येक बदलाला तो थांबवावा लागतो. मग साध्या पट्ट्या काय वाईट?

आकडे आल्यावर

तिसऱ्या तासिकेत आकडे येतात आणि त्यांच्याबरोबर नव्या चुका.

सर्वांत नेहमीची चूक अशी. अनिताची लांब पट्टी आहे, तिच्यावर १७ लिहायचे आहेत. मूल १७ हा आकडा पट्टीच्या डाव्या भागात लिहिते, साधारण सुनीलची पट्टी जिथे संपते त्याच्या अलीकडे. उजवीकडे उरलेल्या भागात ५. आता त्याच पट्टीकडे बघितले की १७ आणि ५ शेजारी शेजारी दिसतात, आणि उत्तर पुन्हा २२. मांडणी बरोबर, पट्ट्या बरोबर, आकड्याने घात केला. म्हणून पट्टीच्या आत आकडा लिहू द्यायचा नाही. पट्टीच्या वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत महिरपी कंस काढायचा आणि आकडा कंसाच्या टोकावर लिहायचा. कंस जेवढा भाग व्यापतो तेवढ्याचा तो आकडा. सुरुवातीला कंस तारेचे किंवा लोकरीचे करून पट्टीवर ठेवले तर मूल ते दोन्ही टोकांना स्वतः टेकवून बघते. ‘१७ कुठून कुठपर्यंत?’ हा प्रश्न मग बोटांनी सोडवता येतो.

अनिताच्या पट्टीवर पूर्ण लांबीचा कंस, १७. तुटक चौकटीखाली कंस, ५. सुनीलच्या पट्टीखाली कंस, प्रश्नचिन्ह. एवढी आकृती पूर्ण झाली की मुले वजाबाकी आपोआप करतात, कारण आता समोर आहे तो झाकलेल्या माळेचाच प्रश्न.

पट्ट्या मापाच्या असाव्यात का, यावर शिक्षकांत मतभेद असतात. १ सेंमीला १ मणी असे माप धरले तर १७ सेंमीची पट्टी करता येते, आणि १० सेंमीपर्यंतच्या रंगीत कांड्या वापरून तीच मांडणी होते. पहिल्या दोन-तीन उदाहरणांना ते ठीक, कारण मूल पट्टी मोजून आपले उत्तर पडताळू शकते. त्यापुढे माप घातक ठरते. मूल पट्टी ठेवते, सेंटिमीटर मोजते, १२ लिहिते. उत्तर बरोबर येते आणि शिकलेले काहीच नसते. हे ओळखायला ३४० आणि ८५ असे आकडे द्यावेत. मापाला चिकटलेले मूल तिथे हात टेकते. तेव्हा तिसऱ्या तासिकेच्या शेवटापर्यंत माप सोडायचे. फक्त ‘लांब’ आणि ‘आखूड’ खरे असले की पुरे.

आकडे निवडतानाही डोळे उघडे हवेत. २० आणि १० दिले तर उत्तर १० येते, आणि मुलाने फरक उतरवला की वजाबाकी केली हे कळत नाही. प्रत्येक चुकीचे उत्तर वेगळे येईल असेच आकडे घ्यावेत. १७ आणि ५ त्या दृष्टीने चांगले आहेत: १२, २२, १७, ५ यांतले प्रत्येक उत्तर काही तरी सांगते.

चौथ्या तासिकेत चारही प्रकार एकत्र, मिसळून:

सुनीलकडे १२ आहेत. अनिताकडे सुनीलपेक्षा ५ जास्त आहेत. अनिताकडे किती?

सुनीलकडे १२ आहेत. अनिताकडे सुनीलपेक्षा ५ कमी आहेत. अनिताकडे किती?

अनिताकडे १७ आहेत. अनिताकडे सुनीलपेक्षा ५ जास्त आहेत. सुनीलकडे किती?

अनिताकडे १७ आहेत. अनिताकडे सुनीलपेक्षा ५ कमी आहेत. सुनीलकडे किती?

पहिली दोन तक्त्याच्या नियमानेही सुटतात, शेवटची दोन सुटत नाहीत. फक्त पहिल्या दोन प्रकारांचा सराव देऊन ‘मुलांना जमले’ म्हणणे ही या घटकातली नेहमीची फसवणूक आहे. वरच्या उदाहरणांत ‘तिच्याकडे’ काढून दोन्हीदा ‘अनिताकडे’ लिहिले आहे. सर्वनामाचा वेगळा अडथळा पहिल्या फेरीत नको. पाचव्या तासिकेत ‘तिच्याकडे’ परत आणायचे, आणि ‘तिच्याकडे’पासून अनिताच्या नावाकडे बाण काढायला लावायचे. वाक्ये कायमची सोपी करून ठेवली तर मूल परीक्षेच्या कागदापुढे पुन्हा तिथेच येते.

ज्यांना वाचता येत होते ते दोघे

२२ लिहूनही अनिताकडे बोट दाखवणारे ते दोघे. पट्ट्यांचा फायदा या दोघांना सर्वांत उशिरा होतो, आणि हे अनेकांना अनपेक्षित वाटते. त्यांचे वाचन बरे, हस्ताक्षर नीटस, गृहपाठ वेळेवर. पण त्यांची वही बारकाईने पाहिली की कळते: आधी २२ लिहिलेले आहे, खाडाखोड नाही, आणि आकृती नंतर त्या उत्तराला जुळेल अशी काढलेली आहे. सुनीलची पट्टी लांब. जास्त कोणाकडे, असे विचारले तर ‘अनिता’ सांगतात; स्वतःच्या आकृतीत सुनील लांब का, याचे उत्तर नसते. आकृती त्यांच्यासाठी बाईंना हवी असलेली सजावट आहे.

यांना आणखी समजावून सांगण्यात अर्थ नाही. उत्तर मागणेच बंद करावे लागते. एक संपूर्ण तासिका अशी की आठ उदाहरणे, फक्त पट्ट्या मांडायच्या, कंस घालायचे, प्रश्नचिन्ह लावायचे. बेरीज-वजाबाकी केली तर ते उदाहरण बाद. गुण आकृतीला. मग जुळवाजुळवीचे काम: चार वाक्ये, पाच आकृत्या, एक आकृती फसवी, तिच्यात १७ चा कंस अर्ध्याच पट्टीवर. फसवी कोणती आणि का, हे खुणांनी किंवा बोलून एकमेकांना सांगायचे. उलटे कामही द्यावे, आकृती देऊन वाक्य लिहायचे. इथे ‘पेक्षा’ कोणाला चिकटवायचा हे त्यांना स्वतः ठरवावे लागते, आणि एकाच आकृतीची दोन बरोबर वाक्ये होतात: अनिताकडे सुनीलपेक्षा ५ जास्त, सुनीलकडे अनितापेक्षा ५ कमी. ही दोन वाक्ये एकाच आकृतीखाली लिहिली गेली की ‘जास्त म्हणजे बेरीज’ या नियमाला पहिल्यांदा धक्का बसतो. एकच गोष्ट ‘जास्त’नेही सांगता येते आणि ‘कमी’नेही, मग शब्दावरून क्रिया कशी ठरणार?

सहाव्या तासिकेनंतरच्या चाचणीत चार प्रकारांची आठ उदाहरणे असावीत, त्यांतल्या दोन उदाहरणांत आकडे तीन अंकी. तपासताना उत्तर आणि आकृती यांना स्वतंत्र गुण. आकृती बरोबर आणि उत्तर चूक असेल तर हिशोबाची चूक, ती किरकोळ. उत्तर बरोबर आणि आकृती चूक असेल तर मात्र त्या मुलाला आकडे झाकून ‘जास्त कोणाकडे?’ पुन्हा विचारायचे. हीच चाचणी तीन आठवड्यांनी, मधे या घटकाचा सराव न देता, पुन्हा घ्यावी. तक्त्याचा नियम बसलेली मुले बहुतेक इथेच घसरतात.

पट्ट्या कधी काढून घ्यायच्या? मूल कागदी पट्टी न उचलता वहीत दोन आडव्या रेघा ओढू लागले की त्याने त्या स्वतःच सोडलेल्या असतात. ज्याने सोडल्या नाहीत त्याच्याकडून काढून घेऊ नयेत.

पुढचा घटक ‘पट’चा. ‘३ ने जास्त’ आणि ‘३ पट’ यांत आकडा तोच, आकृती पूर्ण वेगळी. आधाराची पट्टी रेघेला, तिच्याच लांबीच्या तीन पट्ट्या वर एका ओळीत. मुले इथे चार लावतात, आधाराची एक धरून वर आणखी तीन, कारण ‘जास्त’च्या आकृतीत आधाराच्या पुढे काही तरी वाढत होते. आधाराची पट्टी आणि वरच्या तीन पट्ट्या वेगळ्या रंगाच्या ठेवल्या की ही चूक बरीच कमी होते. आणि ‘तिप्पट जास्त’ हा शब्दप्रयोग प्रश्नपत्रिकेत वापरूच नये. चार पट्ट्या लावणाऱ्या मुलाने तो वाचला तर त्याला चूक ठरवता येणार नाही.